पाठीचं कातडं

पोळा आठवड्यावर आला की आमच्या राहुरीत दुकानांच्या दारात गोंडे लटकायला लागतात. नायलॉनचे. म्होरकी नायलॉनची, कासरा नायलॉनचा, घुंगरांचा पट्टा रेक्झिनचा, आणि त्यावरची घुंगरं हलवली तर डब्यात खडे वाजावेत तशी वाजतात. लोक घेऊन जातात. ज्यांच्या दावणीला बैल उरला नाही तेही घेतात आणि ट्रॅक्टरच्या आरशाला बांधतात. मी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून हे सगळं बघतो. यांची कीव करावी इतकीही यांची लायकी नाही, असं मनात म्हणतो, आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहतो. हा अंगठा चामडं चाचपतोय हे माझ्या उशिरा लक्षात येतं. दरवर्षी याच दिवसांत तो चाळवतो. श्रावण संपत आलेला असतो, ऊन आणि भुरभुर एकाच तासात येऊन जातात, रस्त्याच्या कडेचा तरवड पिवळा झालेला असतो, आणि माझ्या अंगठ्याला खाज सुटलेली असते.

मी न्हावी. हे सांगायची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटावी असे धंदे करणारी माणसं माझ्या खुर्चीत बसून गेली आहेत, आणि तेवढ्या वेळापुरत्या त्यांच्या माना माझ्या हातात होत्या. तीन खुर्च्यांचं दुकान उभं केलं ते कोणाच्या पाठबळावर नाही. आरसे घासाघीस करून घेतले, खुर्च्या घासाघीस करून घेतल्या, जागेच्या मालकाला तर इतका वैताग आणला की शेवटी त्यानं हात जोडले. यंदा दुकान मुलाच्या हाती दिलं. तिथली पोरं अर्धं ब्लेड मोडतात, खाचेत सरकवतात, एक दाढी झाली की फेकून देतात. रोगराईचा विचार केला तर ते योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण धार कारखान्यातून कागदात गुंडाळून येते, आणि ही पोरं स्वतःला कारागीर म्हणवतात. त्यातल्या एकालाही धार म्हणजे काय हे विचारलं तर तो ब्लेडच्या कंपनीचं नाव सांगेल.

हात रिकामे झाले तेव्हा पेटीच्या तळातून वडिलांचा वस्तरा काढला. काळ्या शिंगाची मूठ, पातं झिजून अर्ध्यावर आलेलं. इतकी वर्षं तेलात भिजवलेल्या फडक्यात होता म्हणून गंजला नाही. ठरवलं, यंदा पोळ्याच्या सकाळी स्वतःची दाढी याच वस्तऱ्यानं करायची. वडील करायचे तशी. दगडावर घासून धार काढली. पण दगडावरची धार ही कच्ची असते. पात्याच्या कडेला डोळ्याला न दिसणारी खरखरीत कूस राहते, ती बसवायला पट्टा लागतो. हातभर लांब, तीन-चार बोटं रुंद चामड्याची वादी. एक टोक खिळ्याला, दुसरं डाव्या मुठीत. ताणून धरायची आणि वस्तरा पाठीकडून ओढायचा, जाताना एक बाजू, येताना दुसरी.

पट्टा माझ्याकडे होता. दुकान उघडलं त्या दिवसापासून आरशाशेजारच्या खिळ्याला टांगलेला आहे. पण तो वापरायचा नाही, दाखवायचा. कोणी नवं गिऱ्हाईक विचारतं, "हे काय हो?" मी सांगतो, "हा पुरावा आहे. माणूस माणसाला कसा बुडवतो त्याचा." आणि मग मी दगडूमामाची गोष्ट सांगतो. दाढी होईपर्यंत पुरते. निम्म्या राहुरीनं ती ऐकली आहे.

मुलगा म्हणाला, "नवा मागवून देतो की मोबाईलवर." मखमली डब्यात आला. पितळी कडी, चामड्याची मूठ, वर सोनेरी अक्षरं. डबा उघडल्याबरोबर बुटाच्या पॉलिशचा वास आला तिथंच मी ओळखलं. नखानं कड उकलली तर चामड्याचा पापुद्रा कांद्याच्या सालीइतका, खाली दाबलेलं कापड. मुलगा म्हणाला, "बाबा, पाच स्टार आहेत त्याला." ज्यांनी ते स्टार दिले त्यांनी आयुष्यात वस्तरा हातात धरला नसेल. भिंतीवर टांगून फोटो काढला असेल. मी तो डबा परत पाठवला आणि घोडेगावच्या बाजाराला निघालो. त्या बाजारात मी पस्तीस वर्षं पाऊल ठेवलं नव्हतं.

त्या वर्षीचा पोळ्याचा हंगाम माझ्या धंद्यातला पहिला आणि घोडेगावातला शेवटचा. मी एकोणीस वर्षांचा होतो. वडिलांनी घरातून निघताना आपला जुना वस्तरा दिला. पट्टा दिला नाही, तो त्यांना गावची कामं करायला लागायचा. "पट्टा तुझा तू बघ," म्हणाले, "आन बघून घे. वस्तरा बापाचा चालतो, पट्टा आपला लागतो."

घोडेगावचा जनावरांचा बाजार तेव्हा पहाटेच भरायचा. म्हशींचे कळप, टेम्पोतून उतरवलेल्या गाई, शेणाच्या वाफा, चहाच्या भट्टीचा धूर, आणि सगळीकडे टॉवेलखाली हात घालून उभे असलेले व्यापारी. नव्या माणसाला वाटावं दोघं हात शेकतायत. सौदा तोंडानं व्हायचा नाही. टॉवेलच्या आड एकमेकांची बोटं धरायची, जितकी बोटं दाबली तितका भाव. एका बोटाचे किती रुपये ते मालावरून ठरायचं. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. चेहरा दगडासारखा ठेवायचा आणि समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. मला त्या रीतीचं वेड लागलं होतं. मला वाटायचं, हे जमलं की माणूस मोठा झाला.

बाजाराच्या मधोमध एक जुना कडुलिंब होता. त्याच्या पूर्वेच्या बाजूला नामा न्हावी बसायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा, मानेवर हात ठेवला की माणूस झोपून जायचा. पश्चिमेची बाजू रिकामी होती. तिथं मी पोतं अंथरलं. बाजाराच्या ठेकेदारानं सांगितलं, "पोळ्यापतूर बस. चार बाजार हायेत. गिऱ्हाईक टिकलं तर जागा तुझी, न्हाईतर उठायचं." पोळ्याच्या आधीच्या त्या चार बाजारांत अख्ख्या तालुक्याची डोकी आणि दाढ्या तिथं होतात. तेव्हा बसलेलं गिऱ्हाईक वर्षभर फिरून येतं. म्हणजे माझी सगळी जिंदगी त्या चार बाजारांवर होती, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या बाजाराला पट्टा घ्यायला मी दगडूमामाकडे गेलो. बैलाच्या साजाचं चामड्याचं काम त्याच्यासारखं कोणाचं नव्हतं. बाभळीच्या सालीत पिकवलेली म्हशी-रेड्याची कातडी, त्यांचा आंबूस वास, पाटावर कातडं कापायची रापी, दाभण, मेणाचा गोळा. दोन पट्टे त्यानं कापून पाटावर शेजारी शेजारी ठेवले. मी टॉवेल काढला आणि त्याच्यापुढे हात केला. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. हातभर वादीसाठी कोणी टॉवेल काढत नाही. शेजारचा दोरवाला म्हणाला, "मामा, गिऱ्हाईक म्हशीला आलंय का वादीला?"

"येऊ दे की," दगडूमामा म्हणाला आणि त्यानं उजवा हात टॉवेलखाली घातला.

त्यानं चार बोटं दाबली. मी दोन. त्यानं पुन्हा चार. मी त्याच्या डोळ्यात बघत होतो, डोळे हलू दिले नाहीत. त्यानं साडेतीन केली, म्हणजे चौथ्या बोटाचं पेर धरलं. मी दोनावरून ढळलो नाही. घाम फुटला होता, पण ढळलो नाही. शेवटी तो हसला, माझी दोन बोटं दाबून सोडली आणि पाटावरचा पट्टा डाव्या हातानं उचलून मला दिला. मी तरंगत लिंबाखाली आलो. पट्टा तेल पाजून असा चकचकीत केलेला होता की त्यात लिंबाची फांदी दिसत होती.

पहिला बाजार बरा गेला. दुसऱ्या बाजाराला पट्टा मधे झोळ धरायला लागला. कितीही ताणला तरी मधोमध खोलगट. पोटाचं कातडं तसंच असतं. जनावराचं पोट भरतं, रिकामं होतं, तिथलं कातडं आयुष्यभर ताणून सैलावलेलं असतं. त्यावर वस्तरा ओढला की कड बसत नाही, उलट गोल होते. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला वाटलं माझा हात चुकतोय, म्हणून मी जास्त जोरानं ओढत राहिलो आणि वडिलांच्या वस्तऱ्याची धार स्वतःच्या हातानं मारली.

तिसऱ्या बाजाराला खर्डा गावचा एक म्हशींचा व्यापारी माझ्यासमोर बसला. आडवा गडी, तारेसारखी दाढी. नामाकडे रांग होती म्हणून आला होता. डाव्या गालावर वस्तरा कसाबसा गेला. हनुवटीपाशी केस कापायच्या ऐवजी ओढले गेले, आणि मी रेटलं. रक्त साबणात उतरलं.

"आरं वस्तरा हाय का खुरपं?" तो ओरडून उठला. गळ्यातलं माझं फडकं तसंच, अर्धा गाल गुळगुळीत, अर्ध्यावर फेस, हनुवटीवर लाल धार. तो लिंबाला वळसा घालून सरळ नामाकडे गेला. पण तिथं रांग होती. म्हणून तसाच चहाच्या भट्टीपर्यंत गेला, म्हशींतून परत आला, आणि भेटेल त्याला माझ्याकडे बोट करून दाखवत राहिला.

"पाव्हणं, उरलेली पुढच्या बाजाराला का?" एकानं विचारलं.

"न्हाई, एका बाजूनं जावई, एका बाजूनं सासरा दिसतोय," दुसरा म्हणाला.

बाजार हसत होता. म्हशीसुद्धा माना वळवून बघत होत्या असं मला वाटलं. शेवटी नामानं रांग थांबवून त्याला बसवलं, पट्ट्यावर वस्तरा चार वेळा ओढला आणि माझं अर्धं काम पुरं केलं. माझं फडकंही घडी करून मला परत दिलं. ते फडकं परत देणं मला त्या व्यापाऱ्याच्या शिवीपेक्षा लागलं.

गर्दीतल्या कोणीतरी पट्टा चाचपून 'पोटाचा हाय' म्हटलं, तसा मी तो घेऊन दगडूमामाकडे गेलो आणि त्याच्या पाटावर आपटला. "पोटाचं कातडं दिलंस मला! बुडवलंस!"

त्यानं पट्ट्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "त्या भावाला त्योच येतो."

बस्स. एवढंच. ना दिलगिरी, ना लाज. पट्टा उचलून मी परत आलो. चौथ्या बाजाराला ठेकेदारानं माझं पोतं उचलायला लावलं. मी राहुरीला आलो, एका दुकानात झाडू मारला, ब्लेडवर काम शिकलो. वर आलो. पण दगडूमामाचं ते वाक्य मी विसरलो नाही. खुर्चीत बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते ऐकवलं. चोरी करून वर तोंड कसं करावं ते त्याच्याकडून शिकावं, असं म्हणायचो, आणि खुर्चीतला माणूस मान हलवता येत नाही म्हणून डोळ्यांनी होकार द्यायचा.

तर यंदा त्या बाजारात पुन्हा गेलो. पाटीवर जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, बसचा कंडक्टर अजून नगरच म्हणतो. बाजाराला कुंपण आलंय. लिंब आहे, पण त्याच्या बुंध्याला मोबाईलच्या रिचार्जचा फलक ठोकलाय. नामाची जागा रिकामी. माझ्या जागेवर मोटरसायकली लावतात. मला हसू आलं. ज्या जागेसाठी माझं रक्त आटलं तिथं आता कोणाच्यातरी गाडीचं ऑइल गळतंय.

चामडं शोधत फिरलो. अर्ध्या जणांना मी काय मागतोय तेच कळेना. एकानं कमरेचा पट्टा दाखवला. एकानं सोफ्याचं रेक्झिन. एक म्हणाला, "वस्तऱ्याला पट्टा? ब्लेड न्हाई भेटत का राहुरीत?" त्याच्या दाढीला तीन ठिकाणी चट्टे होते, तरी बोलत होता. शेवटी कोपऱ्यात एका ताडपत्रीखाली खरा वास आला. बाभळीची साल, ओलं कातडं, मेण. पन्नाशीची एक बाई पाटावर बसून रापीनं वादी कापत होती. रापी कशी धरलीय ते बघूनच मी ओळखलं. दगडूमामाची मुलगी. तेव्हा ती वाद्यांना मेण लावत बापाशेजारी बसायची. तिनं मला ओळखलं नाही, मी ओळख दिली नाही.

"वस्तऱ्याच्या पट्ट्याला चामडं पायजे," मी म्हणालो.

ती मान वर करून हसली. "लई दिसांनी कुनी मागितलं, दादा. बसा."

चामडं निवडणं मी तुम्हाला सांगतो, कारण आता कोणी सांगणार नाही. चकाकी बघू नये. चकाकी तेलाची असते, मूर्खांसाठी असते. आधी वास घ्यायचा. सालीत पिकवलेलं कातडं आंबूस आणि जरा गोडसर येतं, रसायनातलं नाकात टोचतं. मग तोंडाची, म्हणजे गुळगुळीत बाजू वर करून दुमडायचं. पाठीचं असेल तर सुरकुत्या बारीक, दाट, सोडल्यावर पुसल्या जाणाऱ्या. पोटाचं असेल तर जाड, सैल घड्या पडतात आणि सोडल्यावरही थोड्या राहतात. मग अंगठा दाबून पुढे रेटायचा, कातडं अंगठ्याबरोबर सरकलं तर टाकून द्यायचं. आणि शेवटी कान. ताणून धरून त्यावर तळहात ओढायचा. चांगलं कातडं कोरडं, एकसारखं बोलतं. वाईट कातडं मधेच गप्प होतं. मी हे सगळं तिच्यासमोर केलं. तिनं पाटावर तीन पट्टे मांडले होते. मी पहिल्यावर बोट ठेवलं.

"पाठीचा हाय," ती म्हणाली, "रेड्याचा. तुमाला कळतंय की." तिनं डावा हात त्या पट्ट्यावर ठेवला आणि भाव सांगितला.

मी निम्म्यावरून सुरुवात केली. ती सवय आहे, त्याला इलाज नाही. तिनं थोडा उतरवला. मी थोडा चढवला. तिनं आणखी उतरवला. मी म्हणालो, "ताई, एवढ्यात तर मी अख्खं कातडं नेईन." ती म्हणाली, "न्हेलं असतं तर माझ्याकडं कशाला आला असता?" पण उतरली. मला रंग चढला. मी तिच्या डोळ्यात बघत होतो, आणि ती हरत होती. आणखी एक रेटा दिला. ती म्हणाली, "बरं, न्या मंग." मी खाली बघितलं.

तिचा डावा हात तिसऱ्या पट्ट्यावर होता.

"हात कशाला सरकवला?" माझा आवाज चढला.

"तुमी भाव सरकवला म्हनून."

"मी हा मागितला होता!"

"मागितला हुता. पन त्या भावाला ह्योच येतो." ती शांतपणे म्हणाली. "दादा, रागावू नगा. आमच्या बापाची रीत हाय ही. सौदा चालू आसताना डावा हात मालावर. गिऱ्हाईक खाली आलं की हात खाली सरकतो. काय चोरून हाय का? पाटावर हाय, उघड्यावर हाय. बाप टावेलाखाली करायचा, मी तोंडानं करते, हात त्योच. ज्याला भाव कमी पायजे त्यानं भाव बघावा, ज्याला माल पायजे त्यानं हात बघावा."

मी त्या हाताकडे बघत राहिलो. बोटांना मेण, नखांत कातड्याचा काळा रंग. आणि त्या हाताच्या जागी मला दुसरा हात दिसला, तसाच काळा, पुरुषाचा. मी त्या दिवशी त्याच्या डोळ्यात बघत होतो. दगडासारखा चेहरा करून, व्यापाऱ्यासारखा. चारावरून साडेतीन झाले तेव्हा तो हात कुठं होता, मला माहीत नाही. सगळ्या बाजाराला दिसत असणार. दोरवाल्याला दिसत असणार. मी एकटा टॉवेलखाली जिंकत होतो.

इतकी वर्षं मी खिळ्याला पुरावा टांगलाय. आणि तो माझ्याविरुद्धचा आहे.

राग गेला असं समजू नका. राग आला, आणि त्याला बसायला जागा सापडेना. तोंड होतं ना त्या माणसाला? एकोणीस वर्षांचं पोर समोर बसलंय, पहिला वस्तरा, पहिला पट्टा. एक शब्द बोलला असता तर काय जीभ झिजली असती? "हा पोटाचा आहे" एवढंच. रीत म्हणे. रीत कळत नाही त्याला रीतीत पकडायचं आणि वर हसायचं, याला मी अजूनही हलकटपणाच म्हणतो. पण मी चोरी म्हणत होतो. ती चोरी नव्हती.

मी पहिल्या पट्ट्याचा तिनं सांगितलेला पहिला भाव दिला. आयुष्यात पहिल्यांदा. पट्टा गुंडाळून देताना ती म्हणाली, "तुमी न्हावी दिसताय."

"आहे."

"मंग जाता जाता आमच्या बापाची दाढी करा की. हे मागं घर हाय. डोळं गेलंत त्यांचं. ब्लेडवाल्या पोरांना बोलावलं तर म्हनत्यात, दुकानात आना. आंधळ्या म्हाताऱ्याला कुठं वडत नेऊ?"

वस्तरा माझ्या पिशवीतच होता, चामडं पारखायला आणला होता. नाही म्हणता आलं असतं. मी गेलो. का गेलो ते खरं सांगतो. त्याला अर्धा ठेवून उठायचं, असं मनात आलं होतं.

छपरीत बाजेवर बसलेला होता. एवढासा उरला होता. अंगात कोपरी, गालांवर पांढरी दाढी पिंजलेल्या कापसासारखी. मुलीनं हाक मारून सांगितलं, "आप्पा, न्हावी आलाय," आणि ती बाजारात परत गेली. मी त्याच्या गळ्याभोवती माझा टॉवेल बांधला, तो छाती झाकून मांडीपर्यंत आला. मोरीतला साबण घेतला, फेस केला. पट्ट्याचं एक टोक छपरीच्या खांबाच्या खिळ्याला अडकवलं, ताणलं, वस्तरा ओढला.

म्हाताऱ्यानं मान वर केली. "पाठीचा हाय."

"व्हय."

"रेड्याचा. माझ्या पोरीनं दिला." तो ऐकत राहिला. "वड, वड. लई दिसांनी ऐकतोय."

मी जरूर होती त्यापेक्षा दोन-चार वेळा जास्त ओढला. का, ते मला विचारू नका. मग डावा गाल केला. वस्तरा असा गेला की मलाच खरं वाटेना. म्हाताऱ्याची सैल कातडी दोन बोटांनी ताणायची आणि पातं सोडून द्यायचं, ते आपलं आपण जातं.

"मामा," मी विचारलं, "लिंबाखाली एक न्हावी बसायचा, आठवतंय का?"

"नामा बसायचा."

"नामा पूर्वेला. पश्चिमेला दुसरा होता. पोरसवदा. पोळ्याच्या दिवसांत."

त्यानं आठवायचा प्रयत्न केला, हे मला मान्य करावं लागेल. आंधळे डोळे छपराकडे लावून बसला. "न्हाई," म्हणाला. "दुसरा कुनी नव्हता."

वस्तरा माझ्या हातात होता आणि मी उभा होतो. डावा गाल झाला होता. उजव्या गालावर फेस सुकत होता. उठून जायला हीच वेळ होती, आणि या माणसाला कळलंही नसतं का ते.

तेवढ्यात टॉवेलच्या खालून त्याचा हात सरकत आला आणि त्यानं माझा डावा हात धरला. मी दचकलो. त्यानं बोटं चाचपली, जुन्या सवयीनं, आणि दोन दाबली. दाढीचा भाव करत होता. डोळे गेले, बाजार सुटला, पण टॉवेल अंगावर आला की हात आपोआप खाली जात होता.

दोन बोटं. माझा उजवा हात उघड्यावर होता, वस्तऱ्यासकट, त्याच्या न केलेल्या गालाशेजारी. मी तो खाली घेतला असता तर त्याच्याच रीतीनं चाललो असतो. त्या भावाला अर्धीच येते. पण ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर हात उघडा ठेवला काय आणि झाकला काय.

"मामा," मी म्हणालो, "एवढ्या बोटांत अर्धीच होईल."

त्यानं माझी बोटं सोडली नाहीत. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता. फेसाचे शिंतोडे माझ्या शर्टावर उडाले.

"आरं गड्या, हे काय तोंडानं सांगायचं आसतं व्हय?" तो म्हणाला. "कच्चा हायेस तू अजून."

आणि त्यानं तिसरं बोट दाबलं.

मी उजवा गाल केला. हनुवटी केली, जिथं त्या व्यापाऱ्याचं रक्त आलं होतं ती जागा, एकाच ओढीत, न थांबता. टॉवेल काढून अंगणात झटकला, पांढरे केस कोंबड्यांच्या पायांत पडले. त्यानं दोन्ही गालांवरून तळहात फिरवला, मग उलटा फिरवला, आणि समाधानानं मान हलवली.

"नामाच्या हातासारखी झाली," म्हणाला.

मग कोपरीच्या खिशातून चाचपत तीन बोटांचा भाव काढून पुढे केला. मी तो घेतला. पुरा घेतला.